यकृतच नसेल तेव्हा भुलेचा वायू जातो कुठे?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या यजमानांना (वय ५३) सिरोसिस आहे. पुढच्या महिन्यात पुण्यात त्यांचं यकृत प्रत्यारोपण ठरलंय. आमचा मुलगा (वय २५) यकृताचा भाग देणार आहे. सर्जननी सगळं नीट समजावून सांगितलं, पण एक गोष्ट तिथे विचारायची राहून गेली आणि आता ती झोपू देत नाही. औषधांचं विघटन यकृत करतं, असं मी वर्गात शिकवते. मग जुनं यकृत काढल्यापासून नवं जोडेपर्यंत शरीरात यकृतच नसेल, तेव्हा तासन्‌तास दिलेला भुलेचा वायू जातो कुठे? तो साठून राहिला आणि ह्यांना शुद्धच आली नाही तर? नव्या यकृतावर पहिला भार त्याचाच पडेल का?

दुसरं असं, की १९८४ मध्ये माझ्या सासूबाईंची महिन्याभरात दोन ऑपरेशनं झाली होती. दुसऱ्यानंतर त्यांना जबर कावीळ झाली. 'भुलेमुळे झाली' असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. त्या वाचल्या, पण घरात भुलेची धास्ती बसली ती बसलीच. नणंदबाई म्हणतात, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर यकृतशुद्धीचा काढा द्या, म्हणजे भूल लवकर उतरेल. काय करू?

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे. मी गेली बरीच वर्षं भूल देण्याचंच काम करते. यकृत प्रत्यारोपणाची भूल शिकायला येणारा प्रत्येक डॉक्टर पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारतो. त्यामुळे संकोच नको. उत्तर आधी सांगते : भुलेचा वायू फुप्फुसांतून आत येतो आणि फुप्फुसांतूनच बाहेर जातो. त्याला बाहेर पडायला यकृताची वाट लागत नाही. यकृताचे रुग्ण असोत वा यकृत प्रत्यारोपण, आम्ही श्वासातून देण्याच्या भुलेवर एवढा भरवसा टाकतो तो याचमुळे.

तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका आहात, म्हणून थोडं खोलात जाऊन सांगते. आजकाल वापरतात ती सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन ही मुळात द्रवं असतात. भुलेच्या यंत्रावरच्या व्हेपोरायझरमध्ये त्यांची वाफ होते आणि ती ऑक्सिजन व हवेत मिसळून फुप्फुसांत जाते. तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. मेंदूत वायूचा पुरेसा दाब झाला की माणूस झोपतो. यात रेणू कुठेही बदलत नाही, मोडत नाही. सोड्याच्या बाटलीत दाबाखाली विरघळलेला वायू झाकण उघडल्यावर जसाच्या तसा बाहेर येतो, तसंच इथे होतं. ऑपरेशन संपत आलं की आम्ही व्हेपोरायझर बंद करतो, फुप्फुसांतला वायूचा दाब उतरतो, मग रक्तातला वायू फुप्फुसांकडे आणि मेंदूतला रक्ताकडे परततो. दर श्वासागणिक तो कमी होत जातो. बाहेर टाकलेल्या श्वासात किती वायू आहे ते मॉनिटरवर सतत दिसतं. 'साठून राहिला का' हा अंदाजाचा विषय नाही, समोर आकडा असतो.

थोडासा हिस्सा मात्र यकृतात मोडला जातो, हे खरं. सायटोक्रोम पी-४५० या कुटुंबातलं २ई१ नावाचं विकर (एन्झाइम) ते काम करतं. पण तो हिस्सा किती? आयसोफ्लुरेनचा सुमारे ०.२ टक्के, डेसफ्लुरेनचा ०.०२ टक्के. सेव्होफ्लुरेनचा जरा जास्त, २ ते ५ टक्के. बाकी सगळं श्वासावाटे न बदलता बाहेर. म्हणजे जुनं यकृत काढल्यानंतरच्या काळात, ज्याला आम्ही अ‍ॅनहेपॅटिक फेज म्हणतो आणि जी साधारण तासभर, कधी त्याहून जास्त चालते, तेव्हा ही किरकोळ मोडतोडही जवळपास थांबते. मुख्य रस्ता उघडाच असतो. नवं यकृत रक्ताशी जोडलं की तो किरकोळ वाटा ते पुन्हा उचलतं. तो त्याला जड जात नाही.

सेव्होफ्लुरेन मोडल्यावर काय उरतं, हेही तुमच्या मनात येईल. फ्लोराइड उरतं आणि हेक्साफ्लुरोआयसोप्रोपॅनॉल नावाचं एक अल्कोहोल. दुसऱ्याला शरीर ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडून लघवीवाटे काढून टाकतं. फ्लोराइडची भीती जुनी आहे. मेथॉक्सिफ्लुरेन नावाची भूल एके काळी वापरात होती. तिचा मोठा हिस्सा शरीरात मोडला जायचा आणि त्या फ्लोराइडने मूत्रपिंडं खराब व्हायची. म्हणून ती ऑपरेशनच्या भुलेतून बाद झाली. सेव्होफ्लुरेन झपाट्याने बाहेर पडतं आणि त्याची मोडतोड मुख्यतः यकृतात होते, मूत्रपिंडात नाही. माणसांत तसा अपाय दिसलेला नाही. तरीही यजमानांची क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेली असेल तर भूलतज्ज्ञ निवड करताना ते लक्षात घेतील.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती गोष्ट. यकृत नसल्यामुळे वायू साठत नाही, पण वायूची *गरज* आणि त्याचा *वेग* दोन्ही बदलतात. आमचं खरं काम तिथे असतं.

सिरोसिसच्या रुग्णाचं हृदय एरवीपेक्षा जास्त रक्त फेकत असतं आणि रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. फुप्फुसांतून रक्त भराभर वाहून गेलं की ते वायूही भराभर उचलून नेतं, त्यामुळे फुप्फुसांतली पातळी सावकाश चढते. काहींना यकृताच्या आजारामुळे फुप्फुसांतल्या बारीक वाहिन्या रुंदावतात आणि रक्त वायूला नीट न भेटताच पुढे निघून जातं. अशांना भूल आणखी हळू चढते. मग यकृत काढताना पोटातून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर चिमटा लागला, की हृदयाकडे परतणारं रक्त एकदम घटतं. आता तोच वायू, व्हेपोरायझरवर तोच आकडा, पण फुप्फुसांतली पातळी चटकन चढू लागते. शिवाय शरीर थंडावतं, कारण उष्णता निर्माण करणारा एक मोठा अवयवच जागेवर नसतो आणि नवं यकृत बर्फातून आलेलं असतं. थंड मेंदूला भूल कमी लागते. यकृताच्या आजाराने आधीच मंदावलेल्या मेंदूलाही कमी लागते. म्हणून या टप्प्यात आम्ही वायू उतरवतो. रुग्णाच्या कपाळावर मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या पट्ट्या असतात, त्यावरून झोप किती खोल आहे ते कळतं. 'कमी दिली तर मध्येच जाग येईल का' ही भीती पुष्कळांना असते. ती या पट्ट्या आणि श्वासातला आकडा यांच्या जोडीने सांभाळली जाते.

तुमच्या मुलाच्या यकृताचा भाग बसवायचा असल्याने यजमानांची ती मोठी शीर जागेवरच ठेवली जाते, कारण जिवंत दात्याकडून येणाऱ्या यकृतासोबत ती येत नाही. शीर किती अडवावी लागेल हे सर्जन ऑपरेशनच्या वेळी ठरवतात. हे एवढं तपशिलात सांगतेय, कारण 'यकृत काढलं' म्हणजे सगळंच तोडलं, असं चित्र नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे येतं आणि ते छळतं.

वायू किती लवकर चढतो-उतरतो हे रक्तात तो किती विरघळतो त्यावर ठरतं. डेसफ्लुरेनचा रक्त-वायू गुणांक सुमारे ०.४५, सेव्होफ्लुरेनचा ०.६५, आयसोफ्लुरेनचा १.४, आणि जुन्या हॅलोथेनचा २.४. आकडा लहान तितकं रक्तात कमी मुरतं आणि लवकर निघतं. प्रत्यारोपण आठ-दहा तास चालू शकतं. तेवढ्यात थोडा वायू चरबीतही मुरतो आणि मागाहून हळूहळू सुटतो. आयसोफ्लुरेनच्या बाबतीत हे जास्त जाणवतं. तरी तो सुटतो तोही श्वासावाटेच. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, मात्र या ऑपरेशनात आम्ही टाळतो. त्याने आतडी फुगतात, आणि रक्तात हवेचा बुडबुडा शिरलाच तर तो आणखी मोठा होतो.

यकृत नसतं तेव्हा खरी ओढाताण कशाची असते, तेही ऐका. शिरेतून द्यायच्या औषधांपैकी बरीच यकृतावर अवलंबून असतात. झोपेची मिडाझोलाम, वेदनेची फेंटॅनिल ही त्यातलीच. म्हणून त्यांची मात्रा जपून द्यावी लागते. स्नायू सैल करायला अ‍ॅट्राक्युरियम किंवा सिसअ‍ॅट्राक्युरियम निवडतात, कारण ती शरीराच्या तापमानाला आणि आम्लतेला रक्तातच आपोआप मोडतात. प्रोपोफॉल यकृताखेरीज मूत्रपिंडांतही मोडतं, त्यामुळे तेही चालतं. आणि औषधांपलीकडची काळजी त्याहून मोठी. रक्ताच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं. एरवी यकृत ते फस्त करतं. यकृत नसताना ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियम घसरलं की हृदयाचं आकुंचन मंदावतं, रक्तदाब उतरतो. म्हणून भूलतज्ज्ञ कॅल्शियम देत राहतात. लॅक्टिक आम्ल चढत जातं, साखर वर-खाली होते, गोठण्याचे घटक संपत येतात. वारंवार रक्त तपासून एकेक गोष्ट भरून काढायची, हे त्या तासाचं काम. तुम्ही बाहेर बाकावर बसून वायूची काळजी करत असाल, तेव्हा आतली आमची नजर कॅल्शियम आणि पोटॅशियमवर असते.

नवं यकृत जोडून चिमटे सोडतात तो क्षण सगळ्यात नाजूक. थंड, पोटॅशियम आणि आम्लाने भारलेलं रक्त एकदम हृदयाकडे येतं. पहिल्या पाच मिनिटांत रक्तदाब ३० टक्क्यांहून जास्त घसरून निदान मिनिटभर तसाच राहिला, तर त्याला आमच्या शास्त्रात पुनर्प्रवाहाचं लक्षणसमूह म्हणून वेगळं नाव आहे. त्याची तयारी आधीच झालेली असते. तेव्हा वायूही कमी ठेवतात, कारण सगळेच भुलेचे वायू रक्तदाब उतरवतात. त्यानंतर यकृत कामाला लागलं की बदल दिसू लागतो : लॅक्टेट उतरायला लागतं, कॅल्शियम सारखं द्यावं लागत नाही, अंग गरम होतं, पित्त येतं. मला अजूनही त्या वेळी बरं वाटतं, हे सांगायला हरकत नाही.

आता सासूबाईंची कावीळ. तुमच्या घरातली धास्ती निराधार नाही, आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. १९८४ मध्ये आपल्याकडे ईथर आणि हॅलोथेन सर्रास वापरात होती. हॅलोथेन १९५६ पासून रुग्णांना दिलं जाऊ लागलं आणि ईथरच्या मानाने ते फारच सुखाचं होतं. पण त्याचा सुमारे २० टक्के हिस्सा यकृतात मोडला जातो. त्यातून ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिल गट तयार होतो आणि तो यकृताच्याच प्रथिनांना चिकटतो. एखाद्याची प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, आणि पुन्हा हॅलोथेन मिळालं की यकृतावरच तुटून पडते. असं साधारण १०,००० ते ३५,००० भुलांमागे एखाद्यालाच व्हायचं, पण ज्याला व्हायचं त्याच्या जिवावर बेतायचं. थोड्या अंतराने दोनदा भूल मिळालेल्या मध्यमवयीन स्त्रियांना धोका जास्त. ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९८६ मध्ये तीन महिन्यांच्या आत हॅलोथेन पुन्हा देऊ नये असं बजावलं होतं. सासूबाईंची हकीकत या वर्णनात चपखल बसते. तरी पत्रावरून मी निदान करणार नाही. त्या दोन ऑपरेशनांत रक्त दिलं असेल तर कावीळ रक्तातूनही आलेली असू शकते. हिपॅटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला तोच १९८९ मध्ये, त्याआधी रक्तात तो तपासायचीच सोय नव्हती.

यजमानांसाठी याचा अर्थ काय? मोठ्या रुग्णालयांतून हॅलोथेन आता जवळपास गेलंय. आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेनमधूनही तोच गट तयार होतो, पण इतका थोडा की अशी कावीळ अत्यंत विरळ. सेव्होफ्लुरेनमधून तो होतच नाही. सासूबाईंची गोष्ट कळली तर भूलतज्ज्ञ बहुधा सेव्होफ्लुरेनकडे वळतील किंवा शिरेतून प्रोपोफॉलने भूल देण्याचा विचार करतील. पण त्यांना ती कळायला हवी. ऑपरेशनपूर्व तपासणीला जाताना सासूबाईंचे जुने कागद मिळाले तर घेऊन जा. नाही मिळाले तर वर्ष, दोन ऑपरेशनांमधलं अंतर, कावीळ कितव्या दिवशी दिसली, रक्त दिलं होतं का, एवढं एका कागदावर लिहा. रक्ताच्या नात्यात भुलेखाली कुणाला अचानक प्रचंड ताप चढून अंग कडक झालं असेल, तर तेही लिहा. तो आजार आनुवंशिक असतो आणि तशा माणसाला यातला कुठलाच वायू देत नाहीत.

काढ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : देऊ नका. ऑपरेशनच्या आधीही नको, नंतरही नको. नणंदबाईंचा जीव भावासाठी तुटतोय हे मला कळतं, त्यांना दुखवू नका. पण भूल काढ्याने उतरत नाही, श्वासाने उतरते. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद वादाच्या जागी राहू द्या, पण सिरोसिसच्या यकृतावर किंवा नव्याने बसवलेल्या यकृतावर असा प्रयोग करायचं काही कारण नाही. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस नावाची गोळी सुरू होईल. तिची रक्तातली पातळी अगदी काटेकोर ठेवावी लागते आणि पुष्कळ वनस्पती ती बिघडवतात. पपनससुद्धा चालत नाही. आता एखादं चूर्ण, भस्म, झोपेची गोळी चालू असेल तर तेही तपासणीत सांगा, लपवू नका. दारूचा इतिहास असेल तर तोही. भूलतज्ज्ञ त्यावरून माणसाची किंमत करत नाही, मात्रा ठरवतो.

शुद्धीवर येण्याविषयी. ऑपरेशन संपल्यावर यजमान बहुधा आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवरच असतील, काही तास किंवा रात्रभर. काही ठिकाणी तब्येत चांगली असेल तर थिएटरमध्येच नळी काढतात. यातला कुठलाही बेत असला, तरी ते झोपलेले दिसले म्हणजे वायू अडकला असं समजू नका. वायू तोवर निघून गेलेला असतो. जाग यायला उशीर झाला तर डॉक्टर दुसरीकडे शोधतात : वेदनेची औषधं, नवं यकृत किती काम करतंय, मूत्रपिंडं, यकृत बिघडल्याने रक्तात साचलेल्या अमोनियाची आधीपासूनची गुंगी. जागे झाल्यावर एक-दोन दिवस ते बरळतील, रात्री घाबरतील, तुम्हाला ओळखल्यासारखं करून भलतंच बोलतील. असं पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं निवळतं. त्यांचा चष्मा जवळ ठेवा, दिवस-वेळ सांगत राहा, तुमच्या नेहमीच्या आवाजात घरचं बोला. याचा उपयोग होतो.

मुलाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, ते माझ्या लक्षात आलं. सगळी काळजी एकाच बाजूला झुकते, प्रत्येक घरात असंच होतं. त्याचं थिएटर वेगळं असेल, भूलतज्ज्ञ वेगळे असतील, वायू बहुधा तोच असेल. त्याचं यकृत निरोगी आहे, शरीरात कायम राहणार आहे, आणि उरलेला भाग काही आठवड्यांत बराचसा वाढतो. पहिले काही दिवस मात्र त्याच्याही रक्ताच्या गोठण्यात फरक पडतो आणि यकृतात मोडणारी वेदनाशामकं त्याला बेतानेच देतात. दुखणं त्याला वडिलांपेक्षा जास्त जाणवेल. धडधाकट मुलगा एका दिवसात अंथरुणाला खिळतो आणि सगळे वडिलांच्या आयसीयूबाहेर उभे असतात, म्हणून त्याच्याजवळ बसायला एक माणूस आधीच ठरवून ठेवा. सिगारेट ओढत असेल तर आजपासून बंद.

आणि सासूबाई त्याच्याही सख्ख्या आजी. त्यांच्या काविळीचा तो कागद दोन प्रतींत करा. एक यजमानांच्या फाइलला लावा, दुसरी मुलाच्या. दोघांच्या भूलतज्ज्ञांना तो वेगवेगळा वाचायला द्या, एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं धरू नका.